उचल : बीडच्या ऊसतोडीतील दास्याचा इतिहास

'उचल' हा शब्द मराठीत तसा निरुपद्रवी आहे. रेशन दुकानदार धान्याची उचल करतो, पतपेढीचा सभासद कर्जाची उचल करतो. बीड जिल्ह्यात मात्र हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात एकच चित्र उभे राहते. पावसाळा सरता सरता मुकादमाच्या हातून घेतलेला पैसा, आणि त्या पैशाच्या बदल्यात नवराबायकोने पुढच्या पाच-सहा महिन्यांसाठी गहाण टाकलेले आपले दोन देह. पैसा घेताना कोणी जबरदस्ती केलेली नसते. पायात बेडी नसते, पाठीवर आसूड नसतो. म्हणूनच या व्यवहाराला दास्य म्हणावे की नाही, असा प्रश्न भलेभले विचारतात. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही इतिहासाची पाने उलटू पाहत आहोत. कारण आजची उचल एकाएकी जन्माला आलेली नाही. तिला पूर्वज आहेत.

गुलामगिरी म्हटले की आपल्याला आफ्रिकेचा किनारा आणि साखळदंडांनी भरलेली जहाजे आठवतात. परंतु आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३० साली सक्तीच्या श्रमाची जी व्याख्या केली, तिच्यात साखळदंडांचा उल्लेख नाही. शिक्षेच्या धाकाने करवून घेतलेले आणि माणसाने स्वेच्छेने न पत्करलेले काम, एवढेच तिचे सार आहे. भारताने हा करार १९५४ मध्ये मान्य केला. १९५६ साली संयुक्त राष्ट्रांनी गुलामगिरीसारख्या प्रथांविरुद्ध पूरक करार केला, तेव्हा त्या प्रथांच्या यादीत पहिले नाव घातले ते कर्जापोटी येणाऱ्या बंधनाचे. दास्याचे सर्वांत चिवट रूप दोरखंडाचे नसून खतावणीचे असते, हे जगाने तेव्हाच ओळखले होते.

जुनी मुळे

आपल्याकडे या रूपाला शेकडो स्थानिक नावे होती. मराठवाड्यात सालगडी पाडव्याला ठरे आणि पुढच्या पाडव्याला त्याचा हिशेब होई. आगाऊ घेतलेले धान्य आणि पैसे फिटले नाहीत, तर गड्याचे साल पुढे चालू राही. ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-उंबरगाव भागात वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेई आणि त्यापायी आयुष्यभर त्याच्या दारी राबे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. लग्नगड्याची बायकोही त्याच कर्जात राबत असे. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा या लग्नगड्यांची सुटका झाली. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात गोदावरीबाईंनी तो इतिहास लिहून ठेवला आहे.

बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात वेठीची चाल होती. जहागीरदार आणि अधिकारी यांच्यासाठी फुकट राबणे हे खालच्या मानलेल्या जातींचे कर्तव्यच समजले जाई. कर्जापोटी राबणाऱ्या मजुरास तेथे 'भगेला' म्हणत. ही चाल इतकी रूढ होती की खुद्द निजामाच्या सरकारला भगेल्यांच्या करारांवर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने देशभरातील ज्या प्रथांची नावे घेऊन त्या रद्द केल्या, त्यांत 'भगेला' आणि 'वेठी' ही दोन्ही नावे आहेत.

ब्रिटिश मुलखात १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानणे बंद केले, आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला. पण ज्या हाताने गुलामी रद्द झाली, त्याच हाताने १८५९ साली एक निराळाच कायदा झाला. मजुराने आगाऊ रक्कम घेतली आणि काम केले नाही, तर मालकाने त्याला न्यायाधीशापुढे उभे करावे, आणि मजुराने ऐकले नाही तर त्याला तुरुंगात घालावे, अशी सोय त्यात होती. पैशाच्या सामान्य देण्याघेण्यासाठी दिवाणी न्यायालय, आणि मजुराच्या उचलीसाठी मात्र तुरुंग! हा कायदा १९२५ साली रद्द झाला. तथापि उचल घेऊन न येणारा मजूर हा 'गुन्हेगार' आणि त्याला धरून आणणे हा मालकाचा 'हक्क' ही समजूत मात्र रद्द झाली नाही. बीडच्या गावांतून ती आजही वावरते आहे.

या पार्श्वभूमीवर भारतीय घटनेच्या तेविसाव्या कलमाचे महत्त्व कळते. माणसांचा व्यापार, बिगार आणि तत्सम सर्व सक्तीचे श्रम या कलमाने निषिद्ध ठरविले. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले होते. गावकीच्या नावाखाली रात्रंदिवस राबविली जाणारी माणसे त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. म्हणून हे कलम केवळ सरकारला बांधून थांबत नाही. ते प्रत्येक नागरिकाला, प्रत्येक मालकाला आणि प्रत्येक ठेकेदाराला बांधते.

पाणी तिकडे, माणसे इकडे

ऊसतोडीचा इतिहास हा पाण्याच्या असमान वाटणीचा इतिहास आहे. १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी पुणे जिल्ह्यात फिरले. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी नगर जिल्ह्याचा उत्तर भाग हिरवा केला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला, आणि १९५० मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या कचाट्यातून सुटावे हा त्यामागील हेतू होता. तो मोठ्या प्रमाणावर सफल झाला आणि पश्चिम महाराष्ट्राचे रूप पालटले. आमच्या वाचकांपैकी नगर जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

परंतु उसाचे एक वैशिष्ट्य आहे. तोडला की त्याचे वजन आणि साखर घटू लागते. तो लवकरात लवकर गव्हाणीत पडला पाहिजे. कारखाना रात्रंदिवस चालतो, म्हणून तोडणीही रोज, न चुकता चालली पाहिजे. वर्षातले पाच-सहा महिनेच हजारो माणसे हवीत, पुढे नकोत. एवढी माणसे कारखान्याच्या परिसरात मिळणे शक्य नव्हते. ती बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात होती. आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर, वडवणी, परळी या तालुक्यांत आणि शेजारच्या पाथर्डीत जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा आणि खरीप निघाले की हाताला काम नाही, अशी परिस्थिती होती. येथील वंजारी आणि बंजारा समाजांचा बैलांच्या पाठीवरून धान्य-मीठ वाहण्याचा जुना व्यवसाय सडका आणि आगगाड्या आल्यावर मोडून गेला होता. ज्यांचे पूर्वज मालाची वाहतूक करीत, त्यांचेच वंशज आता उसाच्या मोळ्या वाहण्यासाठी घराबाहेर पडू लागले. त्यांच्याबरोबर मराठा, मातंग, बौद्ध अशा सर्वच समाजांतील अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबे निघाली.

१९७२ च्या दुष्काळाने या वाटेचा राजरस्ता केला. त्याच दुष्काळातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देण्याचे हे वचन सबंध देशाला पुढे मार्गदर्शक ठरले. मात्र रोजगार हमीचा रोज आठवड्यांनी मिळे, आणि मुकादमाची उचल आजच हाती पडे. मुलीचे लग्न, आजारपण, विहिरीचे कर्ज, बैलजोडी ही सारी निकड आजची असते. सरकारी योजना आणि मुकादम यांच्या शर्यतीत मुकादम जिंकत राहिला, याचे कारण एवढेच साधे आहे. पुढे बीड जिल्ह्यातही साखर कारखाने निघाले, तरी दसऱ्या-दिवाळीनंतर गावे ओस पडण्याचे थांबले नाही. आजही काही लाख माणसे दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात तोडणीला जातात.

साखळीच्या चार कड्या

या व्यवहाराची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण दास्य नेमके कोठे शिरते ते तिच्यावरूनच उमगते. वरच्या टोकाला कारखाना असतो. कारखाना मजुराला कामावर ठेवीत नाही. तो तोडणी आणि वाहतुकीचा करार करतो. हा करार ज्याच्याशी होतो तो वाहनमालक, म्हणजे ट्रकचा किंवा ट्रॅक्टरचा धनी. बहुधा तो एखाददुसऱ्या वाहनाचा मालक असलेला लहान माणूस असतो. त्याने वाहनासाठी कर्ज काढलेले असते आणि जमिनीचा तुकडा तारण ठेवलेला असतो. कारखाना त्याला आगाऊ रक्कम देतो. वाहनमालक ती रक्कम मुकादमाला देतो, आणि मुकादम ती मजुरांत वाटतो. शेवटच्या कडीला असतो 'कोयता'.

वाचकहो, या 'कोयता' शब्दाकडे थोडे थांबून पाहावे. तोडणीच्या भाषेत कोयता म्हणजे हत्यार नव्हे. कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. उचल मिळते ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा. एकटा माणूस गेला तर तो 'अर्धा कोयता'. माणसाचे नाव जाऊन त्याच्या हातातील अवजाराचे नाव त्याला चिकटते, तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे. जोडीलाच उचल मिळते म्हणून मुलामुलींची लग्ने अकाली उरकण्याकडे कल होतो. बायकोने केलेल्या अर्ध्या कामाचा मोबदला तिच्या हाती कधीच पडत नाही, कारण उचलीचा कागद नवऱ्याच्या नावाने असतो.

या साखळीत प्रत्येक कडी वरच्या कडीची देणेकरी आहे. मुकादमाने पैसे घेऊन टोळी दिली नाही की वाहनमालक बुडतो. अशा फसवणुकीच्या फिर्यादीही पोलीस ठाण्यांत पुष्कळ आहेत आणि त्या साऱ्याच खोट्या नाहीत. कर्जबाजारी झालेल्या वाहनमालकाचे दुःख आम्ही कमी लेखीत नाही. पण वरून आलेला दाब प्रत्येकजण खाली ढकलतो, आणि शेवटच्या कडीखाली जमिनीखेरीज काही नसते. म्हणून वसुलीसाठी मजुराला डांबून ठेवणे, त्याची बैलजोडी ओढून नेणे, एखाद्याच्या भावाला किंवा बायकोला 'ठेवून घेणे' अशा घटना घडतात. त्या घडतात तेव्हा कारखाना म्हणतो, मजुरांशी आमचा संबंध नाही. वाहनमालक म्हणतो, मी मुकादमाला ओळखतो. मुकादम म्हणतो, माझ्याकडून वरचे वसूल करतात.

हिशेबाचे गणित

उचल फिटत का नाही, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका कोयत्याने एक लाख रुपये उचलले. तोडणीचा दर टनाला साडेतीनशे रुपये धरू, आणि जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडून, सोलून, मोळ्या बांधून वाहनात भरला असे मानू. म्हणजे दिवसाचे सातशे रुपये झाले. पहाटे चारला सुरू होऊन अंधार पडेपर्यंत चालणाऱ्या दोन माणसांच्या श्रमाचे ते सातशे. हंगाम दीडशे दिवसांचा. त्यातले पंधरा दिवस आजारपणात गेले, तर उरलेल्या १३५ दिवसांचे ९४,५०० रुपये होतात. कामावर न आलेल्या दिवसाला 'खाडा' म्हणतात. खाड्याच्या दिवशी मजुरी तर बुडतेच, वर दंडही कापला जातो. तो पाचशे रुपये धरला तर ७,५०० गेले, राहिले ८७,०००. पोटासाठी दर आठवड्याला मुकादम 'खर्ची' देतो. ती हजार रुपये धरली तर एकवीस आठवड्यांचे २१,००० गेले, राहिले ६६,०००. उचल होती एक लाखाची. म्हणजे पाच महिने राबून, उघड्यावर कोपीत राहून, मुलांची शाळा बुडवून जोडी घरी परतते ती ३४,००० रुपयांचे देणे डोक्यावर घेऊन. हे देणे पुढच्या हंगामाच्या उचलीत मिसळते. त्यावर व्याज लावले जात असेल तर विचारायलाच नको. वाढे विकून चार पैसे सुटतात, पण त्यांनी हा खड्डा भरत नाही.

या गणितात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. वजनाचा काटा कारखान्याचा, वही मुकादमाची, आणि ज्याने ऊस तोडला त्याच्याकडे कागदाचा एक चिटोराही नसतो. ज्याला आपले देणे किती राहिले हे स्वतः मोजता येत नाही, तो कधीच ऋणमुक्त होऊ शकत नाही. जुन्या लग्नगड्याची आणि आजच्या कोयत्याची स्थिती येथे अगदी एक होते.

खाड्याची सर्वांत मोठी किंमत बायकांनी मोजली. उसाच्या फडात ना आडोसा, ना पाणी, ना विश्रांती. मासिक पाळीचे आणि बाळंतपणाचे दिवसही खाड्यात जमा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. या शस्त्रक्रियांमागे अनेक कारणे होती. उपचाराच्या नावाखाली चाललेला धंदा हे एक, अज्ञान आणि भीती हे दुसरे. पण 'दुखणे काढून टाकले की खाडा पडणार नाही' हा हिशेबही त्यात होता. शस्त्रक्रियेसाठी लागणारा पैसा पुन्हा मुकादमाकडूनच उचलला जाई. कर्जाने देहाचा एखादा अवयव मागावा, आणि तो देण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे लागावे, याहून दास्याचा वेगळा पुरावा तो कोणता?

कायदा काय म्हणतो

आणीबाणीच्या काळात, १९७५ च्या ऑक्टोबरात, वेठबिगार पद्धत रद्द करणारा वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच्या तरतुदी आजही लागू आहेत आणि आजही पुरेशा कणखर आहेत. आगाऊ रकमेच्या मोबदल्यात माणसाचे काम सोडण्याचे, हिंडण्याफिरण्याचे किंवा किमान वेतन मिळविण्याचे स्वातंत्र्य गेले, तर ते बंधन वेठबिगारीचे ठरते. अशा बंधनातील कर्ज कायद्याने नाहीसे होते. ते वसूल करणे हाच गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. हे कर्ज वेठबिगारीचे नाही असा वाद निघाला, तर तसे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर आहे. जिल्हाधिकाऱ्यांवर अंमलबजावणीचे कर्तव्य आहे, आणि जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समित्या असाव्यात असे कायदा सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाने पुढे या तत्त्वांना धार आणली. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, १९८२ साली, न्यायमूर्ती भगवती यांनी स्पष्ट केले की भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच आहे. किमान वेतनाहून कमी दराने काम करावे लागणे हे तेविसाव्या कलमाचा भंग करणारे आहे. काम ठेकेदारामार्फत करवून घेतले म्हणून मूळ मालकाची जबाबदारी संपत नाही, असेही न्यायालयाने बजावले. फरिदाबादच्या दगडखाणींच्या प्रकरणात 'बंधुआ मुक्ती मोर्चा'च्या याचिकेवर १९८३ च्या डिसेंबरात निकाल देताना न्यायालयाने म्हटले की सक्तीचे श्रम दिसले, तर ते आगाऊ रकमेपोटीच आहेत असे गृहीत धरावे आणि उलट सिद्ध करण्याचे ओझे मालकावर टाकावे.

कायदा कागदावरून उतरू शकतो, हे वसईकरांना वेगळे सांगायला नको. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना स्थापन केली, आणि वसई तालुक्यातील दहिसर गावापासून आदिवासी वेठबिगारांना मुक्त करण्याचे काम आरंभिले. मारहाण, खटले, बहिष्कार हे सारे त्यांना सोसावे लागले. १९९९ साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने या दांपत्याचा गौरव केला. त्यांच्या कामाचे मर्म असे होते, की मजुरांना सोडवून थांबायचे नाही. त्यांना संघटित करायचे, म्हणजे ते पुन्हा बांधले जाणार नाहीत.

बीडमध्ये लढा झाला तो मुख्यतः दराचा. बबनराव ढाकणे आणि गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या नेत्यांनी कोयता बंद ठेवून कारखान्यांना वाटाघाटीस आणले. लवाद बसले, दर वाढले. २०२० मध्ये सरासरी १४ टक्के, आणि २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ झाली. ही कमाई लहान नाही. २०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर फडांतच अडकून पडले. कोण कोठे आहे याची नोंद कोणाकडेच नाही, हे तेव्हा उघड झाले. त्यानंतर मजुरांना ओळखपत्रे देण्याचा, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांचा आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या कल्याण महामंडळाचा मार्ग मोकळा झाला. गाळप होणाऱ्या उसावर टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने या महामंडळाला द्यावेत असे ठरले. तथापि दर आणि कल्याण यांच्या चर्चेत उचलीचा मूळ प्रश्न बाजूला राहिला. दर दुप्पट झाला तरी वही मुकादमाचीच असेल, तर बंधन सुटत नाही.

दूरचा ग्राहक आणि जवळचे आपण

२०१५ मध्ये ब्रिटनने आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला. आपल्या मालाच्या पुरवठादारांत कोठे गुलामी दडलेली नाही ना, हे पाहण्यासाठी आपण काय केले, याचे निवेदन मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी प्रसिद्ध करावे असे त्यात आहे. २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातील ऊसतोडीवर दीर्घ वृत्तांत छापला. जगप्रसिद्ध शीतपेयांच्या कंपन्यांपर्यंत पोहोचणारी साखर ज्या कारखान्यांतून जाते, त्यांच्या फडांतील कर्ज, बालविवाह आणि शस्त्रक्रिया यांची हकिकत त्यात होती. साखळीला चार नव्हे, कितीतरी अधिक कड्या आहेत आणि शेवटची कडी आपल्या हातातील पेल्यापाशी येते, हे त्याने जगाला दाखविले.

या विषयात ख्रिस्तसभेने दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी आपलाही इतिहास वाचावा. १४५२ साली पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला परकीय लोकांना कायमचे दास करण्याची मुभा दिली. गोव्यात आफ्रिकेहून आणलेले गुलाम विकले जात आणि मठांतूनही ते राबत. दुसऱ्या बाजूला १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांना दास करण्याचा निषेध केला. कार्ताहेनाच्या बंदरात संत पीटर क्लेव्हर यांनी गुलामांच्या जहाजांत उतरून त्यांची सेवा केली. १८३९ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांचा व्यापार निषिद्ध ठरविला. १८९१ च्या परिपत्रकात पोप तेरावे लिओ यांनी सांगितले, की गरजेपोटी कामगाराने कमी मजुरी मान्य केली तरी ती न्याय्य ठरत नाही. 'त्याने स्वतःहून उचल घेतली' या युक्तिवादाला एवढे उत्तर पुरेसे आहे. संत याकोबाच्या पत्रात शेतातील कापणी करणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश प्रभूच्या कानी जातो असे म्हटले आहे. ते वचन वाचताना बीडच्या फडाखेरीज दुसरे काही आमच्या डोळ्यांपुढे येत नाही.

मग हे दास्य रोखावे कसे? आमच्या मते सर्वांत अधिक घडू शकते ते साखळीच्या मधल्या कडीत, म्हणजे लहान वाहनमालकाच्या आणि लहान ठेकेदाराच्या हातून. कारण मजुराचे तोंड ओळखणारा वरच्या बाजूचा तोच शेवटचा माणूस असतो. उचल द्यायचीच तर ती नवरा आणि बायको या दोघांच्या नावे, स्वतंत्रपणे आणि बँकेच्या खात्यातून द्यावी. दर आठवड्याचे टन, खर्ची आणि शिल्लक यांची नोंद मजुराच्या हातातील पुस्तिकेत व्हावी, आणि ती वाचून दाखवावी. आजारपण, पाळी आणि बाळंतपण यांना खाडा म्हणू नये. कोणाचे ओळखपत्र, बैल वा दागिना अडवून ठेवू नये. हंगाम संपला की हिशेब संपावा. राहिले देणे असेल तर ते दिवाणी देणे मानावे, माणसाच्या पायातील दोर मानू नये. मुकादम नेमताना त्याने मागच्या हंगामात टोळीला कसे वागविले हे टोळीतील बायकांना विचारावे. आणि कारखान्याने आपल्या करारातच ही कलमे घालून ती पाळली जातात की नाही हे फडात जाऊन पाहावे. २०२५ च्या नोव्हेंबरात जुने श्रमकायदे जाऊन चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. नाव कोणतेही असो, वेतनाचा हिशेब देण्याची जबाबदारी मालकाच्या खांद्यावरून उतरलेली नाही.

आणि हे केवळ ऊसवाल्यांपुरते नाही. आपल्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबे आज लहानमोठे उद्योग चालवितात. कोणाचे टेम्पो आहेत, कोणी घरसामान हलविण्याचे काम घेतो, कोणी इमारती बांधतो. गाडीवरचे हमाल, वीटभट्टीवरून येणारी वीट, खाणीतून येणारी खडी आणि दूरच्या पाड्यावरून घरकामाला आणलेली मुलगी, या प्रत्येकाच्या मागे एखादी उचल असू शकते. ती आहे का, हे विचारणे हे पाप नव्हे, उद्धटपणाही नव्हे. ते मालकाचे पहिले कर्तव्य आहे. कोणी डांबलेला आढळला, तर तहसीलदार वा जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज करावा. मुक्त झालेल्या वेठबिगारासाठी केंद्राच्या योजनेत एक ते तीन लाख रुपयांपर्यंत पुनर्वसनाचे साहाय्य आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात दर पन्नासाव्या वर्षी योबेल पाळून दासांना आपापल्या घरी परत पाठविण्याची आज्ञा होती. बीडच्या मजुराला पन्नास वर्षे थांबण्याची गरज नाही. त्याचा योबेल दरवर्षी, कारखान्याचा पट्टा पडला त्या दिवशीच यायला हवा. त्या दिवशी त्याची वही कोरी असावी आणि पुढच्या वर्षी तोडणीला जायचे की नाही, हे त्याने व त्याच्या बायकोने स्वतः ठरवावे. एवढे झाले तरच 'उचल' हा शब्द मराठीत पुन्हा निरुपद्रवी होईल.